बाजू ब

कॅसेट खोतबाईंची.
सासूबाईंच्या आवाजातलं भजन, तेवढंच भरून द्या म्हणाल्या.
पेनड्राइव्ह नातवाचा, चावीच्या जुडग्यासकट.
मी एका बाजूला तीस रुपये घेतो.
लक्ष्मीपुरीत याहून कमी कोण घेत नाही,
कारण दुसरं कोण हे करतच नाही.

कोपऱ्यातली खिटी मोडलेली, वर चिकटपट्टी.
म्हणजे कुणीतरी एकदा ठरवलं, हे पुसायचं नाही,
आणि नंतर कुणीतरी ठरवलं, पुसू या.

भजन संपलं. टाळ खाली ठेवल्याचा आवाज.
एक बाई म्हणाली, दूध उतू गेलं काय बघते.
खट्ट.
पुढं जे आलं त्याला मी बिघाड समजलो.

गरगर. जाड, एकसुरी.
हेड स्पिरिटनं पुसलं, गेली नाही.
मग त्या गरगरीतून गिटार, पत्रा फाडल्यासारखी,
कॅसिओचे तीन सूर, परत तेच तीन,
बेल दाबून पळायचं विसरलेल्या पोरासारखे,
आणि एकजण नरडं फाडून:

    साच्यातनं काढलं, हातोडीनं ठोकलं
    बद्द वाजलं म्हणून बाजूला टाकलं
    खडूनं फुली मार, खडूनं फुली मार
    बापावर मारलीस, माझ्यावर मार

अकरा मिनिटं. चार गाणी, चौथं अर्धं.
सहा वेळा ऐकली. डबा तसाच राहिला.
लेबलवर भजनी मंडळाचं नाव,
त्याखाली खोडलेलं, उन्हात धरलं की दिसणारं:
रिजेक्ट माल. उद्यमनगर. ८६.

उद्यमनगरात आता निम्म्या भट्ट्या शिरोलीला गेल्यात,
एकीच्या जागेत गाड्या धुतात.
बँड? चहावाला म्हणाला, लग्नाचा काय?
एका म्हाताऱ्या पॅटर्नमेकरनं चष्मा कपाळावर सरकवला:
ती येडी पोरं व्हय? एकाच कात्रीनं केस कापलेली?

इकबाल शिकलगार बेअरिंगच्या दुकानात सापडले.
उजवा कान गेलेला. डाव्याला मोबाईल लावला.
काउंटरच्या काचेवर त्यांची दोन बोटं हलायला लागली
आणि गिऱ्हाईक उभं राहिलं तसंच.
गिटार आमोसची, म्हणाले, आमोस समुद्रे,
चर्चच्या क्वायरमधनं हाकललेला.
पेटी पद्मजा उपाध्येची. ती बेळगावला दिली.
ओरडतोय तो सर्जा. सर्जा खोत.
त्याचं नको विचारूस.

लोकांपुढं एकदाच वाजवलं, तालमीच्या गणपतीत.
दुसऱ्या गाण्याला वायर काढली.
तिसरं बिनवायरीचं म्हटलं.

मी म्हटलं, ती गरगर हल्ली काढून टाकता येते.
एकदम तापले.
भावा, तो ब्लोअर हाय. भट्टीचा.
मालक गारगोटीला गेला की रातपाळीला वाजवायचो,
तारा त्याच्यावरनं लावायचो.
तुझं यंत्र आमचा पाचवा गडी पुसणार!

आणि चौथं गाणं? मध्येच कोण ओरडतं, माल आला!
मग पळणारी पावलं, मग नुसता ब्लोअर.
मला वाटलेलं ते गाण्यातलंच.
ते हसले. गाणं थांबतंय रे.
लोखंड थांबत न्हाई.

परत येताना सायकल हातात धरून चाललो.
आईनं लेकाच्या टेपवर भजन घेतलं,
एकोणीस मिनिटं घेतलं
आणि थांबली.
दुधासाठी थांबली असेल.
दूध तर रोजच उतू जातं.
परत येऊन तिनं बटण का दाबलं नाही,
हे मला कुठल्याच बाजूला ऐकू येत नाही.

शनिवारी खोतबाई आल्या. तीस रुपये मोजून ठेवले.
भजनाच्या पुढं काय उरलंय का, म्हणाल्या,
आत्याबाई तिथवर आल्या की उठून टेप बंद करायच्या,
आम्हाला कधी हात लावू दिला नाही.

मी स्टूल पुढं ओढलं, हेडफोनची वायर सोडवली.
आधी नुसती गरगर येईल, म्हटलं.
बिघाड समजू नका.